भाड्याचं घर आणि रोजचा रस्ता: हक्क वापरता यावेत म्हणून कधी, काय करायचं

नोकरी किंवा शिक्षणासाठी मोठ्या शहरात आलेल्या माणसाचे पहिल्या महिन्यातले दोन व्यवहार जवळपास ठरलेले असतात. एक भाड्याची खोली किंवा फ्लॅट, आणि दुसरा गावाकडून आणलेली किंवा सेकंडहँड घेतलेली दुचाकी. दोन्ही घाईत होतात. कागदपत्रं ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतात. मग डिपॉझिट अडकतं किंवा सिग्नलला कुणीतरी धडक देऊन जातं, तेव्हा कळतं की कायदा आपल्या बाजूने होता, पण त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे काहीच नाही.

हक्क कायद्याच्या पुस्तकात असतो, पण तो वापरता येतो वेळेवर केलेल्या नोंदीमुळे. म्हणून इथे कलमांची जंत्री देण्यापेक्षा कोणती गोष्ट कोणत्या दिवशी करायची, या क्रमाने जाऊ. घराबाबतचे नियम महाराष्ट्रातले आहेत, रस्त्याबाबतचे देशभर लागू असलेले.

घर बघायला जाल तेव्हा

समोरचा माणूस खरोखर मालक आहे का, हे आधी पाहा. वीजबिल, मालमत्ता कराची पावती, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यांपैकी दोन कागद मागा आणि त्यावरचं नाव आधार कार्डाशी जुळवा. मालक परदेशात असेल आणि भाऊ किंवा एजंट व्यवहार करत असेल, तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. खरा मालक हे कागद दाखवायला कुरकुर करत नाही.

‘हेवी डिपॉझिट’च्या व्यवहाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टाळा. यात भाडं नाही किंवा नावापुरतं, आणि डिपॉझिट मात्र काही लाखांत असतं. त्या फ्लॅटवर गृहकर्ज असेल आणि मालकाने हप्ते थकवले असतील, तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली घर ताब्यात घेऊ शकते. मग तुमची रक्कम मालकाकडे अडकते आणि मालक आधीच कर्जात बुडालेला असतो.

त्यानंतर सुरक्षेची पाहणी. हॉलचा आकार आणि बाल्कनीतला वारा सगळेच बघतात. तुम्ही मीटरचा बोर्ड उघडा. त्यात आरसीसीबी किंवा ईएलसीबी आहे का बघा आणि त्याचं ‘टेस्ट’ बटण दाबा. लगेच ट्रिप झालं पाहिजे. झालं नाही, तर शॉक लागल्यावर वीज तोडणारं उपकरण तिथे फक्त शोभेला आहे. गीझरच्या प्लगभोवती पिवळट किंवा काळे डाग असतील, तर तिथे वायर तापते आहे. स्वयंपाकघरात गॅसच्या रबरी नळीवर छापलेली तारीख वाचा. सुरक्षा नळी साधारण पाच वर्षांनी बदलायची असते.

सगळ्यात जास्त जीव लावून बघायची जागा म्हणजे बाथरूम. तिथे गॅस गीझर आतच बसवलेला असेल आणि खिडकी लहान असेल, किंवा हिवाळ्यात कुणीतरी ती पुठ्ठ्याने बंद करून ठेवली असेल, तर तो गीझर बाहेर हलवल्याशिवाय त्या घरात राहायला जाऊ नका. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग पायातली ताकद जाते, आणि दाराची कडी उघडायची शुद्धच राहत नाही. अंघोळीला गेलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. मालक ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ म्हणेल. ऐकू नका. गीझर बाहेर बसवून आत फक्त पाइप आणायचा, किंवा विजेचा गीझर लावायचा, हे करारात लिहून घ्या.

खिडक्यांना ग्रिल असेल तर एका तरी ग्रिलला आतून उघडणारं दार हवं, कारण आग लागली तर तीच वाट असते. जिन्यात कपाटं, सायकली, चार्जिंगला लावलेल्या ई-बाइक दिसल्या तर तेही लक्षात घ्या. बॅटरी पेटली की धूर जिन्यातून वर चढतो, आणि उतरायचा रस्ताही तोच असतो. ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांनी ती चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यात तशी तरतूद आहे. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन ते मागायला संकोच वाटू देऊ नका.

करार: ‘अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर कशाला?’

हे वाक्य महाराष्ट्रात चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी होत नाही. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वाद झाला आणि नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर असतं.

खर्च फार नसतो. पाच वर्षांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के मानीव (कागदोपत्री धरलेलं) व्याज यांच्या बेरजेवर मोजतात. महिना २०,००० रुपये भाडं, ६०,००० डिपॉझिट आणि ११ महिने धरले, तर भाडं २,२०,००० आणि मानीव व्याज ५,५०० होतं. त्याचा ०.२५ टक्का म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० रुपये. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. अंगठा दिल्यावर काम संपलं असं समजू नका. नोंदणी क्रमांक असलेली अंतिम प्रत तुमच्या ईमेलवर आली पाहिजे. एजंट ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणत राहिला, तर पाठपुरावा तुम्हीच करा.

सही करण्याआधी करार पूर्ण वाचा. याला कायदेशीर कारण आहे: कलम २४ प्रमाणे लेखी परवाना करारात जे नमूद आहे, तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. तोंडी ठरलेलं ‘ते आम्ही कधी घेत नाही हो’ तिथे चालत नाही. माझ्या मते चार ठिकाणी थांबून वाचायला हवं. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार न मोडण्याची अट, फक्त तुम्हालाच बांधतो की मालकालाही? नोटिशीचा महिना दोघांना सारखाच आहे का? डिपॉझिट कधी परत मिळणार? ‘चावी परत घेतानाच’ असं स्पष्ट लिहून घ्या, ‘यथावकाश’ नको. आणि रंगकामाची वजावट आहे का? असेल तर ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून’ हे शब्द घाला. डिपॉझिट बँकेतूनच द्या, आणि ते करारात व्यवहार क्रमांकासह येऊ द्या.

एक भेद इथे समजून घ्यायला हवा. लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘परवानाधारक’ असता, जुन्या पागडीच्या खोलीतल्या ‘भाडेकरू’सारखे नसता. भाडेकरूला मिळणारं दीर्घकाळाचं संरक्षण परवानाधारकाला नाही. मुदत संपली की घर सोडावं लागतं. सोडलं नाही, तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट दराने रक्कम भरावी लागते. अशा प्रकरणात समन्स आलं तर बाजूला टाकू नका. बचाव मांडण्याची परवानगी मागायला ३० दिवसच असतात.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायचे आदेश अनेक पोलीस आयुक्तालयं काढतात, आणि ती जबाबदारी मालकाची असते. अर्ज ऑनलाइन होतो. त्याची पोच मागून घ्या, कारण पासपोर्टपासून गॅस जोडणीपर्यंत ती उपयोगी पडते. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं शुल्क, सभासदाने, म्हणजे मालकाने, भरायचं असतं. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ते आकारता येत नाही. ‘भाडेकरूंसाठी वेगळा मेंटेनन्स’ म्हणून कुणी तुमच्याकडे हात पसरला, तर त्याला मालकाचा नंबर द्या.

ताबा घेताना आणि राहत असताना

सामान आत येण्याआधी रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा. दारापासून सुरुवात करा, प्रत्येक भिंत, छताची ओल, नळ, सिंकखालचा भाग, खिडकीच्या काचा, शेवटी वीज मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि खाली लिहा: ‘आज ताबा घेतला, घराची स्थिती अशी आहे, दोन चाव्या मिळाल्या.’ मालकाने होकाराची अंगठ्याची खूण पाठवली तरी पुरे. वर्षभराने ‘ही काच तुम्ही फोडली’ अशी भाषा सुरू होते, तेव्हा हा एक मेसेज वाद मिटवतो.

भाडं रोख द्यायची वेळ आलीच तर पावती घ्या. १९९९ च्या कायद्याचं कलम २६ मालकाला लेखी पावती द्यायला बांधून ठेवतं. दुरुस्तीची प्रत्येक मागणी लेखी करा. फोनवर बोलणं झालं तरी नंतर दोन ओळींचा मेसेज टाका.

भांडण झालं म्हणून पाणी तोडणं, वीज बंद करणं, लिफ्टचं कार्ड काढून घेणं हे प्रकार घडतात. कलम २९ प्रमाणे घरमालकाला भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत. यात पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई हे सगळं येतं. न्यायालय सेवा पूर्ववत करायचा आदेश देऊ शकतं, शिवाय शिक्षेचीही तरतूद आहे. परवानाधारकांसाठी लढाईची वाट थोडी वेगळी असते, पण करार चालू असताना कुलूप बदलणं किंवा सामान जिन्यात काढून ठेवणं कुणालाही माफ नाही. मुदत संपल्यावरही मालकाला कायदेशीर मार्गानेच ताबा घ्यावा लागतो. असं काही घडत असेल तर हातघाईवर न येता ११२ लावा, व्हिडिओ चालू ठेवा, आणि ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ठाणे अंमलदार म्हणेल. अर्जात भाड्याचा वाद लिहू नका. कुलूप तोडलं, दमदाटी केली, अमुक वस्तू गायब आहेत, अशा घटना तारीख-वेळेसह लिहा.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो जमिनीलगत साचतो. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा.

घर सोडताना

नोटीस लेखी द्या. शेवटच्या दिवशी पुन्हा तसाच व्हिडिओ काढा. वीजबिल भरल्याची पावती, मीटर रीडिंग आणि ‘चाव्या मिळाल्या, घराचा ताबा मिळाला’ अशी मालकाची सही घ्या. अडचण बहुतेकदा इथेच येते: चावी आज, डिपॉझिट पुढच्या आठवड्यात. करारात ‘चावी घेतानाच’ लिहिलेलं असेल, तर शांतपणे तो परिच्छेद दाखवा.

तरीही पैसे अडकले, तर आधी हिशोबाचा मेसेज, मग वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस. कितीतरी डिपॉझिट नोटिशीवरच सुटतात. नाहीच सुटलं, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व समझोत्याचा अर्ज करा. त्यानंतर न्यायालय. पैसे वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबू नका. मालक फ्लॅट विकून गेला की पत्ता शोधण्यातच वर्ष जातं.

आता पार्किंगमधली दुचाकी

पत्ता बदलला की आरसीवरचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा) पत्ता ३० दिवसांत बदलायला हवा. नोंदणीकृत करार तिथे पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल, तर इथला नंबर घ्यावा लागतो. सेकंडहँड गाडीबाबत मात्र नीट लक्ष द्या. पैसे आणि चावी दिली-घेतली म्हणजे मालकी बदलली असं कायदा मानत नाही. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकताना सह्या केलेले फॉर्म देऊन मोकळे झालात आणि घेणाऱ्याने नावावर केली नाही, तर त्याने केलेल्या अपघाताची नोटीस तुमच्या दारात येते. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवावं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यावं.

रूममेटला गाडी देणं ही फ्लॅटमधली रोजची गोष्ट. ‘जरा डेअरीपर्यंत जाऊन येतो’ म्हणून तो चावी उचलतो आणि त्याच्याकडे लायसन्स नसतं. नुसती गाडी दिली तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली गाडीमालकालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट पैशाची आहे. वाटेत त्याने कुणाला उडवलं, तर अशा प्रकरणांत विमा कंपनीला जखमीला रक्कम द्यायला लावून ती गाडीमालकाकडून वसूल करायचा आदेश न्यायालयं देतात. ती रक्कम लाखांत असते. मैत्री राखून सांगा, लायसन्स बघितल्याशिवाय चावी नाही.

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो तुमच्या स्वतःच्या जखमांसाठी नसतो, तर तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीसाठी असतो. स्वतःसाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पॉलिसी नूतनीकरण करताना थोडे पैसे वाचवायला तो काढून टाकला जातो. दुसरीकडे तसं संरक्षण नसेल, तर तो वगळू नका.

अपघात झाला: पहिला तास

रस्त्याच्या मधोमध उभं राहून भांडण सुरू करण्याआधी जखमीला आणि स्वतःला वाहतुकीतून बाजूला घ्या. मान किंवा पाठीला मार असल्याची शंका असेल आणि जागा सुरक्षित असेल, तर जखमीला हलवू नका. हेल्मेट ओढून काढू नका. ११२ किंवा १०८ लावा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

दुसऱ्या कुणीतरी मोबाइलवर हे टिपावं: दोन्ही गाड्यांच्या नंबर प्लेट, गाड्या हलवण्याआधीची त्यांची जागा, ब्रेकच्या खुणा, सिग्नल, आणि दोन प्रत्यक्षदर्शींचे नंबर. आसपासच्या दुकानांवर कॅमेरे आहेत का बघा. बऱ्याच ठिकाणचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी पोलिसांकडे त्याच दिवशी लेखी करा. समोरच्या गाडीचा विमा चालू आहे का, हे एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून कळतं.

या वेळी समोरून एक प्रस्ताव येतो: ‘पोलीस नको, पाच हजार घ्या, मिटवून टाकू.’ फक्त आरसा तुटला असेल तर ठीक आहे. अंगाला मार लागला असेल तर नाही म्हणा. गुडघ्याचा लिगामेंट फाटल्याचं किंवा डोक्यात रक्त साचल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं, आणि तोवर समोरच्याने फोन उचलणं बंद केलेलं असतं. जखमीला दवाखान्यात नेणं आणि २४ तासांत पोलिसांना कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे.

मदत करणाऱ्यांनी घाबरू नये. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदतनीसांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात पैसे भरायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हेही त्याने ठरवायचं.

दवाखान्यात: एका वाक्याने दावा बुडतो

‘आधी पोलीस केस करा, मग उपचार’ असं म्हणायचा अधिकार डॉक्टरला नाही. १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून हे पक्कं आहे. मे २०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचार योजना आहे. ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार. जवळचं नियुक्त रुग्णालय ११२ वर विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तातडीच्या विभागात डॉक्टर विचारतो, ‘काय झालं?’ आणि घाबरलेला नातेवाईक, पोलिसांचं लचांड नको म्हणून, सांगतो, ‘गाडीवरून घसरून पडला.’ ते एमएलसीच्या, म्हणजे पोलीस प्रकरणासाठीच्या वैद्यकीय नोंदीच्या, कागदावर जातं. सहा महिन्यांनी भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो: दुसऱ्या वाहनाचा संबंधच नव्हता, माणूस आपणहून पडला. जे झालं तेच सांगा, वाहनाचा प्रकार, नंबर आणि ठिकाण यांसह: ‘अमुक नंबरच्या कारने मागून धडक दिली.’ डॉक्टरने काय लिहिलं ते वाचा आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, एक्स-रे, रिक्षाच्या पावत्यासुद्धा एका फाइलला लावा.

पोलीस ठाणे आणि भरपाईचा दावा

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्द कुणाचीही असो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्याने नकार दिला तर तक्रार पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर वरिष्ठांना, टपालाने पाठवा. तरीही दखल घेतली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. घटनास्थळ पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, गाड्यांची जागा, धडक कुठल्या बाजूला बसली हे नीट आलंय का बघा.

तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, त्यानंतर सविस्तर अहवाल. त्या अहवालालाच न्यायाधिकरण दाव्याचा अर्ज मानू शकतं. पण सगळा भार त्यावर टाकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा, असं गृहीत धरूनच चाला. दावा अपघाताच्या ठिकाणी, प्रतिवादी राहतो तिथे, किंवा तुम्ही राहता तिथे करता येतो. अपघात सोलापूर रस्त्यावर झाला आणि तुम्ही ठाणे शहरात भाड्याने राहत असाल, तर तिथे दावा चालतो, आणि राहण्याचा पुरावा म्हणून तो नोंदणीकृत भाडेकरार उपयोगी पडतो.

भरपाईत औषधोपचार, बुडालेलं उत्पन्न, कायमचं अपंगत्व आणि भविष्यात वाढलं असतं ते उत्पन्नही मोजतात. म्हणून पगाराच्या स्लिप, बँक खात्याचा उतारा, आयकर विवरण काढून ठेवा. डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांनी ॲपमधली कमाईची पानं जपावीत. गृहिणीच्या कामाचंही उत्पन्न धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं.

चूक कुणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळू शकतात. पण ही रक्कम विमा कंपनीशी तडजोडीत स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. तरुण कमावता माणूस गेला असेल किंवा पाय कायमचा गेला असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. ‘मिळेल त्यातले तीस टक्के द्या’ म्हणत दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटणाऱ्यांपासून दूर राहा. निकालावर टक्केवारीने फी ठरवणं वकिलांना नियमानेच वर्ज्य आहे.

धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज न्यायाधिकरणात नसतो, महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात असतो. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे अपघात झाला असेल, तर ‘नशीब’ म्हणून सोडू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ६ लाख आणि जखमींसाठी ५०,००० ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी, शेजारची ओळखीची खूण दिसेल असा काढा, कारण तक्रार झाल्यावर तो खड्डा बुजवायला एक रात्र पुरते.

वकील परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. घराचा वाद असो की अपघाताचा, जाताना करार किंवा एफआयआर, ओळखपत्र आणि तारखेनुसार लिहिलेलं एक पान न्या: कोणत्या दिवशी काय घडलं, कुणाला कळवलं, त्याची पोच कुठे आहे. समोर बसलेल्या वकिलाला पहिल्या दहा मिनिटांत तेच लागतं.